वजन ताटावर उतरते, सायकलवर टिकते



आपल्या मशिदींमध्ये गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक बदल झाला आहे. पूर्वी सफेच्या कडेला एखादी खुर्ची असे, तीही मोहल्ल्यातील सर्वांत वयस्कर बुजुर्गासाठी. आता जुम्याच्या दिवशी खुर्च्यांची ओळच्या ओळ लागते आणि तिच्यात पन्नाशीतली, कधी कधी पंचेचाळिशीतली माणसेही दिसतात. गुडघे वाकत नाहीत, सजद्यात गेले तर उठता येत नाही. आजारी माणसाला शरीअतने सवलत दिली आहे आणि ती घेण्यात काहीच कमीपणा नाही. पण यातले कित्येक गुडघे वयाने थकलेले नसतात, वजनाने दबलेले असतात. घरातही तेच चित्र दिसते. फ्रिजवर शुगर आणि बीपीच्या गोळ्यांचा डबा, जिना चढताना अम्मीला लागणारा दम आणि बाजारात दोनशे पावलांसाठी काढली जाणारी मोटारसायकल.

म्हणून या महिन्यात वजनाविषयी बोलू. वजन कमी कसे करावे हे सांगणारे पुष्कळ आहेत. कमी झालेले वजन परत का येते आणि ते येऊ नये म्हणून काय करावे, हे फार थोडे लोक सांगतात. आम्ही मेहरूणमध्ये राहतो. इथल्या तलावाकाठी फजरनंतर चालणारे आणि सायकल चालवणारे लोक आम्ही रोज पाहतो, त्यांच्यात आम्हीही असतो. त्यांच्यापैकी कोणाचे वजन उतरले, कोणाचे उतरून परत चढले आणि कोणाचे टिकले, हे डोळ्यांसमोर आहे. त्यातून जे समजले आणि या विषयावरच्या अभ्यासांतून जे वाचायला मिळाले, ते इथे मांडतो.

बारीक दिसणारी माणसेही सुटत नाहीत

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर भारतीयांच्या मधुमेहाचा अभ्यास केला. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण दिले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणातले वजन, अगदी सारखे होते : २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बाहेरून दोघेही सडपातळ, पण आतून एकात दुप्पट चरबी. आपल्या हाडापेराच्या माणसांत स्नायू कमी आणि पोटाभोवती चरबी जास्त, ही गोष्ट त्या एका छायाचित्राने जगाला समजावली.

याच कारणाने भारतीयांसाठीचे मोजमाप वेगळे ठेवले आहे. आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर गेला की लठ्ठपणा समजतात. त्याहून सोपे माप शिवणकामाच्या टेपचे आहे. पुरुषांच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रियांचा ८० च्या आत असावा. आज रात्री घरातल्या सर्वांचा घेर एकदा मोजा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. या उंबरठ्यावरच्या माणसांसाठी पाच-सात किलो वजन उतरणे ही फार मोठी गोष्ट असते.

सायकल काय करते आणि काय करत नाही

सायकल घेतली की वजन आपोआप उतरेल, अशी पुष्कळांची समजूत असते. हिशेब करून पाहू. ८० किलो वजनाचा माणूस सपाट रस्त्यावर ताशी १५-१६ किलोमीटर वेगाने तासभर सायकल चालवतो, तेव्हा साधारण ४०० ते ४५० कॅलरी खर्च होतात. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. म्हणजे एक किलो चरबी जाळायला सतरा-अठरा तास सायकल चालवावी लागेल. आठवड्यात पाच दिवस रोज पाऊण तास धरला, तर जवळजवळ पाच आठवडे. तेही खाण्यात एक घासही वाढला नाही तर.

आणि खाणे वाढतेच. तलावाला फेऱ्या मारून झाल्या की मंडळी टपरीवर थांबतात. एक प्लेट पोहे, वर शेव, बाजूला थोडी जिलेबी, दोन कट चहा. गप्पांमध्ये दहा मिनिटांत पाचशे कॅलरी पोटात जातात आणि तासाभराची मेहनत तिथेच संपते. रविवारी ऐंशी-शंभर किलोमीटर जाणाऱ्यांचे तर विचारू नका. जाताना नाश्ता, अर्ध्या वाटेत ढाब्यावर जेवण, परत आल्यावर ‘आज खूप चालवली’ म्हणून बिर्याणी. सोमवार ते शनिवार सायकलला हात नाही. अशी मंडळी उत्तम सायकलपटू असतात, त्यांचा दम वाढतो, हृदय मजबूत होते. पण पोट तसेच राहते आणि मग ती म्हणतात, सायकलने काही होत नाही.

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. असे करणारा तो पहिला भारतीय संघ होता. त्यानंतर आपल्या भागात सायकलची हौस चांगलीच वाढली. पण शर्यतीची सायकल आणि तब्येतीची सायकल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शर्यतीत अंतर मोजतात. तब्येतीत दिवस मोजायचे असतात.

वजन उतरते ते ताटात

वजन प्रत्यक्षात कमी होते ते खाणे कमी केल्याने. प्रेषित मुहम्मद (स.) यांची एक हदीस तिर्मिजी आणि इब्ने माजा यांनी नोंदवली आहे. तिचा आशय असा की, माणूस पोटापेक्षा वाईट भांडे भरत नाही. पाठ ताठ राहील एवढे घास त्याला पुरेत. आणि भरायचेच असेल तर एक भाग अन्नाला, एक भाग पाण्याला आणि एक भाग श्वासाला ठेवावा. ही हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी मदरशात ऐकलेली आहे. दावतीच्या दस्तरखानावर ती आठवत नाही, एवढीच अडचण आहे.

डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोन वेळा जेवायची पद्धत महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायचे, मधे काही नाही आणि रोज ४५ मिनिटे चालायचे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून ती त्यांनी पुढे नेली. ती सर्वांना मानवेलच असे नाही. शुगरची औषधे घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. पण तिच्यामागची एक गोष्ट आपल्या घरांना लागू पडते. आपण जेवणाने कमी आणि मधल्या खाण्याने जास्त फुगतो.

चहाचे उदाहरण घ्या. दिवसात पाच कप आणि कपात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला सुमारे पन्नास ग्रॅम साखर. नुसत्या साखरेच्या दोनशे कॅलरी झाल्या. महिन्याला सहा हजार. पाऊण किलोहून अधिक चरबीइतके हे इंधन फक्त चहातून येते. चहा तेवढाच ठेवून साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी केली तर महिनाभरात जीभ सरावते.

दुसरी गोष्ट तेलाची. एका माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तेल-तूप पुरते. चौघांच्या घराला महिन्याला तीन ते साडेतीन किलो. तुमच्या घरी महिन्याचे किराणा सामान आणता तेव्हा तेलाचा आकडा पाहा आणि माणसांच्या संख्येने भागा. ज्या घरात शेवभाजीवर तर्री तरंगायलाच हवी आणि रमजानभर रोज भजी तळली जातात, तिथे हा आकडा दुप्पट निघतो.

तिसरी गोष्ट म्हणजे बिर्याणी. बिर्याणी सोडा असे आम्ही म्हणणार नाही, म्हटले तरी कोणी ऐकणार नाही. पण आधी काकडी-कांद्याची कोशिंबीर आणि गोश्तचे तुकडे, मग चावल, आणि दुसऱ्यांदा ताट वाढून न घेणे, एवढे जमते. आपल्या खान्देशात तर खाण्याच्या चांगल्या गोष्टींची कमी नाही. भरिताची वांगी, कळण्याची भाकरी, मूग-मठाची उसळ, ताक. हिवाळ्यात मेहरूणची बोरे येतात. सायकल चालवून आल्यावर मूठभर बोरे आणि दोन उकडलेली अंडी हा जिलेबीपेक्षा कितीतरी चांगला नाश्ता आहे. अंडी, डाळ, दही, मासे असे प्रथिनांचे पदार्थ पोटाला धरून राहतात आणि वजन उतरताना स्नायू वितळू देत नाहीत.

उतरलेले वजन परत का येते

आता मुख्य मुद्दा. तीन महिने नियम पाळून आठ-दहा किलो उतरवणारी माणसे प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. दोन वर्षांनी त्यांना भेटा. बहुतेकांचे वजन जिथल्या तिथे आलेले असते, काहींचे चार किलो जास्तच. लोक म्हणतात, इच्छाशक्ती कमी पडली. पण कारण एवढेच नाही.

अमेरिकेत वजन उतरवण्याची एक टीव्ही स्पर्धा गाजली होती. तिच्यातील १४ स्पर्धकांना शास्त्रज्ञांनी सहा वर्षांनंतर पुन्हा तपासले. त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. चौदापैकी तेरा जणांचे वजन वाढले होते आणि चौघे तर स्पर्धेपूर्वीपेक्षाही जाड झाले होते. त्यांचे शरीर बसल्या जागी जेवढे इंधन जाळायला हवे, त्याहून दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी जाळत होते. शरीराला वाटते की दुष्काळ पडला आहे. ते खर्च आखडते आणि भूक वाढवते. शिवाय ७० किलोच्या देहाला ८५ किलोच्या देहाइतके अन्न लागतच नाही. वजन उतरल्यावर माणूस पुन्हा जुन्या ताटावर बसला की ते परत येणारच.

त्याच मंडळींच्या अभ्यासाचा पुढचा भाग २०१७ मध्ये आला आणि तो फारसा कोणी वाचला नाही. ज्यांचे वजन त्यातल्या त्यात टिकले, ते काय वेगळे करत होते? ते इतरांपेक्षा खूप जास्त हालचाल करत होते. रोज साधारण ८० मिनिटे मध्यम व्यायाम किंवा ३५ मिनिटे दमवणारा व्यायाम, एवढे प्रमाण शास्त्रज्ञांनी काढले. १९९४ पासून अमेरिकेत वजन टिकवणाऱ्यांची एक नोंदवही ठेवली जाते. तिच्यात दहा हजारांहून अधिक लोक आहेत. त्यांनी सरासरी ३० किलो उतरवले आणि सरासरी साडेपाच वर्षे टिकवले. त्यांच्यातील बहुतेकांच्या सवयी साध्या आहेत : रोज तासाभराच्या आसपास हालचाल, सकाळचा नाश्ता न चुकवणे, आठवड्यातून एकदा तरी वजन करणे आणि टीव्हीसमोर कमी बसणे.

इथे सायकलची खरी जागा समजते. वजन उतरवण्यात ताटाचा वाटा मोठा आणि सायकलचा लहान. पण उतरलेले वजन टिकवण्यात सायकलचा वाटा फार मोठा आहे. शरीराने आखडलेला खर्च ती रोज भरून काढते. म्हणून वजन उतरल्यावर ‘झाले काम’ म्हणून जो सायकल अंगणात उभी करतो, तो नेमक्या गरजेच्या वेळी ती सोडतो.

२०२५ पासून भारतातही वजनासाठीची नवी इंजेक्शने मिळू लागली आहेत. त्यांनी वजन उतरते यात शंका नाही. पण औषध थांबवल्यावर एका मोठ्या अभ्यासात वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. म्हणजे टिकवण्याचा प्रश्न तिथेही तसाच उभा राहतो.

रमजान आणि शव्वाल

आपल्याला हे समजायला दूर जायला नको. रमजानवर जगभर बरेच अभ्यास झाले आहेत. महिनाभराच्या रोज्यांनी सरासरी एक किलोच्या आसपास वजन उतरते आणि पुढच्या काही आठवड्यांत बहुतेक परत येते. शीरखुर्मा, दावती, ईद-मिलन, सगळे हिशेब बरोबर करून टाकतात. रोजा वजन उतरवण्यासाठी नसतोच, तो अल्लाहसाठी असतो. पण रमजान आपल्याला दाखवतो की आपण बारा-चौदा तास न खाता राहू शकतो, अगदी जळगावच्या उन्हातही. हा ताबा आपल्यात आहे. तो शव्वालमध्ये कुठे जातो, एवढाच प्रश्न आहे.

ह. आयशा (रजि.) यांच्याकडून आलेल्या बुखारी आणि मुस्लिममधील हदीसचा आशय आहे की अल्लाहला तेच अमल सर्वांत प्रिय आहेत जे नेमाने केले जातात, मग ते थोडे का असेनात. आपण ही हदीस नफल नमाज आणि जिक्रसाठी सांगतो. शरीर ही अल्लाहची अमानत आहे असे मानले तर तिच्या देखभालीलाही हाच नियम लागू होतो. रविवारच्या शंभर किलोमीटरपेक्षा रोजचे आठ किलोमीटर भारी.

नेम कसा बसवावा

आमच्या ओळखीचे एक शिक्षक आहेत. वजन ९२ किलो होते, शुगर उंबरठ्यावर. साखर आणि मधले खाणे बंद केले, रात्रीचे जेवण इशाच्या आधी आणले, आणि फजरनंतर रोज पाऊण तास साधी, बिनगिअरची सायकल चालवू लागले. चौदा महिन्यांत ७८ वर आले. आज तीन वर्षे झाली, ते ७८ ते ८० मध्येच आहेत. त्यांचा नियम विचारला तर म्हणाले, “जुम्याच्या दिवशी गुसलच्या आधी काट्यावर उभा राहतो. ऐंशी दिसले की रात्रीचा भात बंद आणि सायकलला वीस मिनिटे जास्त. अठ्ठ्याहत्तर दिसले की पुन्हा नेहमीसारखे.” दोन किलोंवर वाढ रोखली जाते, म्हणून पुढे दहा किलो उतरवण्याची वेळच येत नाही. वजन टिकवण्याचा याहून सोपा उपाय आम्हाला अजून सापडलेला नाही.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी काही गोष्टी :

वेळ फजरनंतरची ठेवा. जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि सकाळी आठनंतर रस्ता तापू लागतो. फजरला उठणाऱ्याला वेगळा गजर लावावा लागत नाही. इश्राकपर्यंत बसण्याचा ज्यांचा नेम आहे त्यांनी तो मोडू नये, इश्राकनंतर निघावे. उन्हाळ्यात पाणी सोबत ठेवा, त्यात चिमूटभर मीठ आणि लिंबू चालते.

रस्ता शांत निवडा. मेहरूण तलावाचा परिसर त्यासाठीच चांगला आहे. थोडा दम आला की शिरसोली रस्त्याने जैन हिल्सच्या दिशेने जाता येते, तिथे चढही मिळतो. हायवेवर ट्रकांच्या मधून जाण्यात काही शौर्य नाही. अंधारात निघत असाल तर मागे लाल दिवा किंवा चमकणारी पट्टी आणि डोक्यावर हेल्मेट हवेच.

सायकल महागडीच हवी असे नाही. घरातली जुनी सायकल दुरुस्त करा, चेनला तेल द्या, हवा नीट भरा. सीटची उंची मात्र बरोबर ठेवा. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ झाला पाहिजे. सीट खाली असेल तर गुडघा दुखतो आणि लोक सायकलला दोष देतात. खरे तर ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांना धावण्यापेक्षा सायकल सोसते, कारण शरीराचा भार सीटवर असतो.

पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटे पुरे. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत पाऊण तासापर्यंत या. वेग एवढा असावा की शेजारच्याशी तुटक बोलता येईल, पण नात म्हणता येणार नाही. रमजानमध्ये इफ्तारच्या आधी हलकीशी वीस मिनिटे किंवा तरावीहनंतर थोडी फेरी पुरते. त्या महिन्यात नेम मोडू नये एवढेच पाहायचे.

बाजारहाट सायकलने करा. दूध, पाव, भाजी, मुलांचे झेरॉक्स. दिवसात दोन-तीन वेळा दहा-दहा मिनिटे झाली तर वेगळा वेळ काढावाच लागत नाही. आपले वालिद कामावर सायकलने जायचे, त्यांनी ‘व्यायाम’ हा शब्दही कधी वापरला नसेल.

ज्यांना मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा शुगर पटकन उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, हृदयाचा त्रास आहे किंवा छातीत कधी दुखले आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. सायकलवर शुगर अचानक उतरू शकते. खिशात दोन-तीन खजूर किंवा साखरेची पुडी ठेवावी. हात थरथरले, घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच थांबून ते खावे.

घरातील स्त्रियांचे काय?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण आपल्या घरांमध्ये वजनाचा आणि गुडघ्यांचा त्रास बायकांना जास्त आहे आणि बाहेर पडण्याची मुभा कमी. पुरुष तलावावर जातात, अम्मी आणि भाभी त्यांचा नाश्ता बनवतात.

अबू दाऊदमधील एक रिवायत सर्वांनी लक्षात ठेवावी अशी आहे. ह. आयशा (रजि.) सांगतात की एका सफरीत त्यांनी प्रेषित (स.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली आणि त्या जिंकल्या. पुढे त्यांच्या अंगावर मांस चढले. पुन्हा शर्यत झाली तेव्हा प्रेषित (स.) जिंकले आणि त्यांनी हसतखेळत ती मागच्या शर्यतीची परतफेड ठरवली. वजन वाढल्याचा उल्लेख इथे आहे, पण टोमणा नाही. आणि बायकोबरोबर धावणे प्रेषित (स.) यांना कमीपणाचे वाटले नाही. ज्या घरात भाभीला ‘किती जाड झालीस’ म्हणून हसतात आणि तिच्यासोबत दहा मिनिटे चालायलाही कोणी तयार नसते, त्या घराने या रिवायतीवर विचार करावा.

अमेरिकेतील अठरा हजारांहून अधिक परिचारिकांच्या सोळा वर्षांच्या नोंदींवर २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी सायकलचा वेळ वाढवला, त्यांचे वजन इतरींपेक्षा कमी वाढले. रोजची पाच मिनिटेही उपयोगी दिसली. संथ चालण्याचा मात्र तसा फायदा दिसला नाही. म्हणजे चालणाऱ्यांनीही थोडे झपझप चालायला हवे.

पडद्याच्या मर्यादेत हे जमते. सैल सलवार पायाशी बांधून किंवा बुरख्याचा घेर क्लिपने आवरून, चेनकव्हर असलेल्या लेडीज सायकलवर, पहाटे घरातल्या कोणासोबत निघता येते. तेही नको असेल तर एका जागी बसून चालवायची व्यायामाची सायकल गच्चीवर किंवा खोलीत ठेवा. जुनी, वापरलेली सायकल स्वस्तात मिळते. त्यावर कपडे वाळत घालायला सुरुवात होऊ नये, एवढी काळजी घ्या. दोन-तीन घरांनी मिळून एक घेतली आणि वेळा वाटून घेतल्या, तर ती कपड्यांचा दांडा होत नाही.

मुलींना लहानपणीच सायकल शिकवा. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातील मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून दूर राहणाऱ्या मुलींना सायकली मिळतात. त्या सायकलींनी कित्येक मुलींचे शिक्षण टिकवले. शिक्षण संपले, निकाह झाला की ती सायकल भावाकडे जाते. ती मुलीसोबत सासरी का जाऊ नये?

शेवटी मुलांविषयी. शाळेच्या फाटकासमोर सकाळी उभे राहिले की अर्ध्या किलोमीटरवरची मुले मोटारसायकलवर येताना आम्ही पाहतो. हातात कुरकुऱ्यांचे पाकीट. दहा वर्षांचे मूल जिना चढून धापा टाकते. जिथे रस्ता सुरक्षित आहे तिथे त्यांना सायकलने पाठवा, पहिले काही दिवस अब्बूंनी सोबत जावे. मुलाचाही व्यायाम होईल आणि अब्बूंचाही.

तेव्हा या महिन्यात एवढेच करा : पोटाचा घेर मोजून वहीत लिहा, चहातील साखर अर्धी करा, अंगणातल्या सायकलला पंक्चर काढून आणा आणि पहिले पंधरा मिनिटे उद्याच्या फजरनंतर. सहा महिन्यांनी वही पुन्हा उघडा. जे आकडे दिसतील ते आम्हाला पत्राने कळवा. आणि वजन उतरले असेल तर सायकल थांबवू नका, कारण तिचे खरे काम तेव्हाच सुरू होते.

अल्लाह आपल्या सर्वांना तंदुरुस्ती देवो आणि शेवटच्या दिवसापर्यंत जमिनीवर माथा टेकवून सजदा करण्याची ताकद देवो. आमीन.